वाटा

बावीस दिवस झाले, रुपाजी कुबलचं रक्त
त्याच्या अंगाबाहेर फिरून येतंय.
मांडीतून निघतं तेव्हा आमसुलासारखं काळं,
मानेतून परत जातं तेव्हा
पिकला रातांबा फोडावा तसं.
मधल्या वाटेवर मी. स्टूल, टॉर्च, वही.
दर तासाला डब्याच्या काचेवर उजेड पाडून गुठळी शोधते,
तिसऱ्यांच्या पाटीत मेलेली एखादी शोधतात तशी.

लेप्टो.
रापण नव्हती म्हणून शेताच्या मेरेवर अनवाणी उतरला,
टाचेला कालवाची जखम आधीचीच.
पाचव्या दिवशी थुंकीत रक्त, सातव्या दिवशी हे मशीन.
एक्सरेत दोन्ही फुप्फुसं पांढरी,
आचऱ्याची खाडी धुक्यात दिसत नाही, तशी.

मयेकर डॉक्टर बाहेरच्या बाकावर भावाजवळ बसले.
म्हणाले, अशातले साधारण निम्मे वाचतात.
परशानं थोडा वेळ विचार केला.
"निम्मे म्हणजे कितके ओ?
आमचो तर एकच आसा."

माझ्या वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं.
पाचांपुढे घरी गेल्याची तारीख,
सहांपुढे नुसती वेळ.
चिंदरची दीक्षा, वय सतरा, पहाटे चार दहा.
तिच्या हाताचं नेलपॉलिश मी पुसलं होतं,
बोटावरचा चिमटा नीट वाचावा म्हणून.
पायाचं राहिलं.

तेराव्या रात्री वारा सुटला.
दोन वीसला कुडाळ काळं झालं.
जनरेटर खोकला आणि गप्प.
मशीनची बॅटरी शिट्टी मारत मारत संपली.
पंपाला एक हॅण्डल असतं.
शिकवताना सांगतात, बहुधा लागत नाही.
मी फिरवायला लागले. तीन हिरवे दिवे पेटते राहिले पाहिजेत,
जोरात नको, हळू नको.
सिस्टर फुगा दाबतेय, वॉर्डबॉय खाली डिझेलपाशी.
आठव्या मिनिटाला खांदा माझा उरला नाही,
नळी थरथरू लागली,
जाळं खडपात अडकल्यावर दोर थरथरतो तशी.
मी दाराकडे तोंड करून ओरडले, परशा!

नियमात बसत नाही.
तो चपला काढून आत आला.
भावाकडे बघितलं नाही, हॅण्डलकडे बघितलं.
पाय रोवले, कंबरेतून ओढायला लागला,
जाळं फाटू नये, मासळी सुटू नये
एवढ्याच जोरानं.
दिवा एक, दोन, तीन.
नळी शांत झाली.
ओठात काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं रामेश्वर.
नंतर विचारलं तर म्हणाला,
"माणसां मोजी होतंय. दोरयेर कोण कोण आसत ती."
एकोणीस मिनिटं.
मग खाली काहीतरी धडधडलं आणि पंखे फिरले.

आज सकाळी डब्याचा वायू तासभर बंद ठेवून पाहिला.
छाती हलली. गाळात रुतलेली होडी
भरतीला आधी नुसती कुरकुरते, तेवढीच.
नव्वद. एक्क्याण्णव. पुन्हा नव्वद.
मयेकर म्हणाले, उद्या परत बघू.
बारावं नाव लिहून झालंय,
पुढची जागा कोरी.

काल रापणीला पेडवे लागले.
आजारी पडला तरी गड्याचा वाटा ठेवतात,
रुपाजीचा त्याच्या घरी पोचला.
परशानं आणखी एक पुडी आणली,
वर्तमानपत्रातली, खालून ओली, थेट माझ्या टेबलावर.
"मला कशाला?"
"तुमचो न्हय तो. मशिनीचो."

घरी नेले, तळले, एकटीनं काटे काढत बसले.
साबणानं दोनदा धुतले तरी
बोटांचा वास गेला नाही.
रात्रपाळीला तोच हात नळीवर ठेवला.

गरम होती.